सरळ राहिलेला नऊ

बाजारपेठेत त्यांना सगळे उलटेमामा म्हणायचे, आणि त्यांना स्वतःलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. पन्नास वर्षं रबरी शिक्के बनवणाऱ्या माणसाचे डोळे उलटे चालायला शिकतात. छपाईची सुटी अक्षरं, ज्यांना धंद्यात खिळे म्हणतात, ती शिशाची असतात आणि त्यांच्या डोक्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. मामा ती चिमट्याने उचलून एकापुढे एक लावायचे, प्लास्टरमध्ये त्यांचा ठसा घ्यायचे, त्या ठशात रबर तापवून दाबायचे आणि निघालेली पट्टी लाकडी मुठीला चिकटवायचे. शाळेचा शिक्का असो, दवाखान्याचा असो की 'फक्त कार्यालयीन उपयोगासाठी' असो, मामांच्या हातून तो आधी उलटा जायचा आणि मग जगात सरळ उमटायचा. दुकानांच्या पाट्या ते सावकाश वाचायचे. खिळे मात्र पाण्यासारखे वाचायचे.

तेराव्या वर्षी ते या कामाला लागले. त्यांच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी एक नियम कानात घातला होता. आपला शिक्का आपण वाचायचा नाही. हाताने जे लावलंय असं मनाला वाटतं तेच डोळ्याला दिसतं, म्हणून पहिला छाप वहीत उमटवायचा आणि दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवायचा. मामांच्या घरी ही दुसरी म्हणजे मामी. लग्नानंतर आठच दिवसांत ती वाचायला बसली. काना राहिला, मात्रा तुटली, स्वल्पविराम उडाला, मामीच्या नजरेतून काही सुटायचं नाही. तपासून झालं की छापाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण. ती खूण असल्याशिवाय शिक्का दुकानाबाहेर पडत नसे. गिऱ्हाइकं चेष्टेने म्हणायची, मामा उलटे आहेत म्हणून मामीला सरळ राहावं लागतं.

पुढे काळ फिरला, तसे खिळेही संपत आले. खिळे ओतणारा कारखाना बंद पडला. मामांच्या लाकडी पेटीत प्रत्येक अक्षराचा खण वेगळा, त्यात इंग्रजी सहाचा खण सगळ्यात आधी रिकामा झाला. मामांनी त्यावर तोडगा काढला. नऊ उचलायचा, बोटात अर्धा वळसा द्यायचा, लावायचा. झाला सहा. हाताला इतकी सवय झाली की सहा म्हटलं की बोटं आपोआप नऊच्या खणात जायची आणि वाटेतच तो फिरवायची.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी ती पेटीपाशी बसून खिळ्यांची घरं बांधायची, म्हणून मामा तिला खिळी म्हणायचे. ही खिळी पुढे मोठी झाली, नोकरीला लागली आणि तिने आपल्या मनाने लग्न ठरवलं. मुलगा समुद्रापलीकडच्या देशात काम करणारा, आगापीछा कुणाला माहीत नसलेला. मामीने महिनाभर अबोला धरला. मामांना जावई आवडला होता असं नाही, पण त्यांना मुलगी आवडत होती. ती निघायच्या आदल्या दिवशी ते चौकातल्या इंटरनेटच्या दुकानात गेले आणि तिथल्या माणसाकडून आयुष्यातला पहिला ईमेल पत्ता काढून घेतला. फुकट मिळतो म्हणाला, घेतला. 'शिक्का' एवढंच नाव हवं होतं, पण ते आधीच कुणीतरी पळवलेलं, म्हणून ईमेल देणाऱ्या कंपनीने मागे आकडा जोडून दिला. चार, एक, सहा.

त्या माणसाने चिठ्ठीवर लिहून दिलं. पण मामांना चिठ्ठीचा भरवसा कुठला असणार. त्यांनी तिच्यासाठी त्या पत्त्याचा शिक्काच बनवला. निघण्याच्या दिवशी सकाळी, गाडी दाराशी यायला तास उरलेला असताना, त्यांनी तो वहीत उमटवला आणि वही मामीपुढे धरली. मामीने मान भिंतीकडे वळवली. वही थोडा वेळ तशीच हवेत राहिली. मग मामांनी ती मिटली आणि शिक्का खिळीच्या पिशवीत टाकला. "जिथं जाशील तिथं कागदावर उमटव," ते म्हणाले. "मी आहे तोवर हा पत्ता बदलणार नाही."

ती म्हणाली, पोचले की पहिल्याच दिवशी पाठवते.

पहिला दिवस गेला. पहिला महिना गेला. सातव्या महिन्यात रस्ता रुंद करायचा म्हणून त्यांची आळी पाडली. दुकान गेलं, त्याच्या वरची खोली गेली, दुकानातला फोन गेला, शेजारी चार दिशांना पांगले. मामा-मामी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेले. खिळ्यांची पेटी पलंगाखाली सरकवली, छापांच्या वह्या ट्रंकेत. टपालाचा पत्ता मोडला, फोन मोडला, उरला तो ईमेल. मुलीचा पत्ता त्यांच्याकडे नव्हताच. ती पाठवणार होती.

तेव्हापासून अकरा वर्षं मामा दर गुरुवारी नव्या वस्तीतल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसायचे. झेरॉक्सवाली तिशीतली, दोन मशिनं आणि एक संगणक एकटीने सांभाळणारी, जिभेने तिखट आणि हाताने मऊ. ती त्यांची ईमेलची पेटी उघडून द्यायची. त्यात कर्ज देणारे असायचे, केस उगवून देणारे असायचे, आणि आपली अफाट इस्टेट मामांच्या नावावर करून मरू पाहणारे कुणी राजपुत्र असायचे. झेरॉक्सवाली म्हणायची, मामा, एवढी माणसं तुमच्यावर जीव टाकतात, तुम्ही एकालाही उत्तर देत नाही. मामा हसायचे, शेवटपर्यंत खाली बघायचे आणि उठायचे. घरी मामी विचारायची नाही. पहिली दोन वर्षं म्हणायची, तुम्हीच लाडावलीत, विसरली ती. नंतर तेही म्हणेनाशी झाली.

एका गुरुवारी राजपुत्रांच्या वर एक वेगळंच पत्र होतं. झेरॉक्सवालीने ते दोनदा वाचलं आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली. पत्र कंपनीचंच होतं. धंदा परवडत नाही, तीन महिन्यांनी ही टपालसेवा कायमची बंद होईल, ज्याने त्याने आपली पत्रं काढून घ्यावीत.

मामांना आधी कळलंच नाही. पत्ता कसा बंद होईल, ते म्हणाले, मी अजून आहे की.

झेरॉक्सवालीने त्यांना समजावलं. फुकटच्या जागेत राहणाऱ्याला मालक कधीही ऊठ म्हणतो. आता नवा काढायचाच आहे तर डोळे उघडे ठेवून काढू. मग दोन-तीन गुरुवार ते दोघं त्याच कामाला बसले. मुलीला स्थळ बघावं तशी मामांनी एकेका कंपनीची चौकशी मांडली. किती वर्षांची आहे. पोट कशावर भरते. उद्या विकली गेली तर आपल्या पत्रांचं काय. एक कंपनी फुकट देत होती, मोठी होती, पण पत्रांवरून नजर फिरवून जाहिराती दाखवायची. मामा म्हणाले, टपाल आणणाऱ्यानेच पाकीट फोडलं तर काय उपयोग. दुसरी पाकीट फोडत नव्हती, पण दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर सगळं पुसून टाकायची. त्यावर मामांनी हळूच विचारलं, माणूस दवाखान्यात पडून राहिला तर.

शेवटी झेरॉक्सवालीने त्यांना पटेल असा रस्ता काढला. जिचं दुकान जाहिरातींवर नाही तर गिऱ्हाइकांच्या वर्गणीवर चालतं, जी पत्रं अशी कुलूपबंद ठेवते की तिला स्वतःलाही वाचता येत नाहीत, अशी एक कंपनी तिने निवडली. पण पत्ता कंपनीच्या नावाचा घ्यायचा नाही, ती म्हणाली. 'ॲट'च्या पुढचं नावच आपण आपलं विकत घ्यायचं. उद्या ही कंपनी बुडाली तर दुसरी धरायची, पत्ता तोच राहतो.

"म्हणजे मूठ आपली," मामा म्हणाले, "झिजलं तर रबर तेवढं बदलायचं."

"मामा, एवढं सोपं करून मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही."

नाव जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी मिळत होतं. मामांनी वीस मागितली. वीस देत नाहीत, पुन्हा दहा वाढवून घ्यायची, ती म्हणाली. मामा एकाहत्तर वर्षांचे होते, मनातल्या मनात बेरीज करत बसले. पासवर्ड झाला, चोराला अडवायला दर वेळी मोबाइलवर येणारा कोड झाला, आणि मग फॉर्मवर एक रकाना आला. तुम्हाला उघडता आलं नाही तर कुणाला कळवायचं. मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. झेरॉक्सवालीने काही न विचारता तिथे स्वतःचा पत्ता लिहिला आणि पुढचं पान उघडलं.

आता काम उरलं होतं ते एकच. खिळीला हे कळणार कसं. तिच्याकडे जुनाच पत्ता. झेरॉक्सवालीने जुन्या पेटीला सांगून ठेवलं की जे येईल ते नव्या पेटीत पाठव. पण त्याला मुदत तीन महिन्यांचीच, त्यातले दोन उरलेले. अकरा वर्षांत जे आलं नाही ते दोन महिन्यांत यायचं होतं.

मामांना स्वस्थ बसवेना. हाताला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी नव्या पत्त्याचा शिक्का बनवायला घेतला. पलंगाखालून पेटी ओढली. जुन्या शिक्क्याची अक्षरं किती जाडीची होती, ओळ कशी बसवली होती, तसाच हवा, म्हणजे तिच्या हाती कधी लागलाच तर बापाचा हात ओळखू येईल. त्यासाठी ट्रंकेतून त्या वर्षाची वही काढली. शेवटून तिसऱ्या पानावर तो छाप होता. जांभळी शाई थोडी विटली होती. कोपऱ्यात खूण नव्हती.

दुपारची वेळ होती. मामी खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. मामांनी वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, जरा वाच मोठ्याने, मी खिळे काढतो.

अकरा वर्षांपूर्वी जी मान वळली होती ती या वेळी वळली नाही. मामीने चष्मा लावला, बोट ठेवलं आणि सवयीप्रमाणे एकेक अक्षर सुटं करून वाचू लागली. नाव झालं. मग आकडे. चार. एक.

"नऊ," मामी म्हणाली.

"सहा," मामा पेटीतून मान वर न करता म्हणाले.

"नऊ आहे, अहो."

"सहा आहे तो. मी लावलाय."

"तुम्ही लावलाय म्हणूनच मी वाचते ना," मामी म्हणाली. "बघा. शेपूट खाली आहे."

मामा उठून आले. त्यांनी वही उजेडात धरली, जवळ नेली, लांब नेली. मग हात आपोआप हवेत गेला आणि बोटांनी अर्धा वळसा दिला. त्या सकाळी दाराशी गाडी यायची होती, डोळ्यांत पाणी होतं, चिमटा घसरत होता. नऊ उचलला होता. फिरवायचा राहिला होता.

त्यांनी पायात चपला अडकवल्या आणि वही काखेत मारून झेरॉक्सच्या दुकानात गेले. दिवस गुरुवार नव्हता, त्यामुळे तिने आधी काळजीनेच पाहिलं. मामांनी सांगितलं, नऊच्या पत्त्यावर एक पत्र पाठव. काय लिहू, तिने विचारलं. काहीही लिही, ते म्हणाले. तिने 'नमस्कार' एवढंच लिहिलं. मिनिटाच्या आत उत्तर आलं, यंत्राचं. तिने ते मनात वाचलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

"आपल्या भाषेत सांग."

"असा कुठलाही पत्ता अस्तित्वात नाही, असं म्हणतंय, मामा."

मग नऊचाच पत्ता नवा काढू, ते म्हणाले, जुन्याच कंपनीत, दोन महिने तर दोन महिने. तिने खटपट केली. कंपनी दुकान गुंडाळत होती, नवीन कुणाला घेत नव्हती. तिने तीन वेगवेगळ्या वाटांनी करून पाहिलं, कपाळावर घाम आला, शेवटी हात मांडीवर ठेवले. मामांनी ते यंत्राचं उत्तर कागदावर छापून मागितलं. चौघडी करून खिशात ठेवलं. आपल्या पोरीने परक्या देशात पहिल्या दिवशी काय वाचलं असेल, ते आता त्यांच्या खिशात होतं.

घरी आल्यावर त्यांनी मामीला सगळं सांगितलं. चूक माझी, म्हणाले, नऊ सरळ राहिला. मामीने कागद हातात घेतला. तो घड्या घातलेल्या कपड्यांवर ठेवला.

"तिचा फोन आला होता," ती म्हणाली.

मामांना वाटलं आज आला. त्यांनी मोबाइल चाचपला.

"आज नाही. जुन्या दुकानात. ती गेल्यावर तिसऱ्या महिन्यात. तुम्ही प्लास्टर आणायला गेला होतात." मामीचा आवाज वाचतानाचा होता, एकेक शब्द सुटा. "आवाज नीट येत नव्हता. तिनं एवढंच विचारलं, बाबांनी पत्ता बंद केला का. मला वाटलं, घराचं म्हणतेय. आपल्या घराचा पत्ता तिला बंद झाला का, असं. माझ्या मनात राग होता. मी म्हटलं, हो, केला. आणि ठेवला."

मामा पलंगावर बसले. आधारासाठी कुणाचा तरी हात धरावा तशी त्यांनी शिक्क्याची रिकामी मूठ धरली होती. मामीला वाटलं आता ते ओरडतील. चाळीस वर्षांत ते ओरडले नव्हते, पण आज ओरडले असते तरी तिची ना नव्हती. ते ओरडले नाहीत. म्हणाले, मी वही धरली तेव्हा तू वाचली असतीस तर. आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. पुढे तेच म्हणाले, मी फिरवला असता तर. तेही सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत दोघंही आपापल्या अर्ध्या वाक्यापाशी बसून राहिले.

पुढे झेरॉक्सवालीनेच सुचवलं. तुम्ही नाव विकत घेतलंय, ती म्हणाली, नुसत्या टपालासाठीच कशाला, त्या नावावर एक पानही टांगता येतं. जगात कुठूनही दिसतं. कुणी तो जुना पत्ता, नऊचा, जसाच्या तसा शोधायला टाकला तर कधी ना कधी ते पान पुढे येईल. मामांनी विचारलं, ती शोधेल? झेरॉक्सवाली एरवी कशालाही उत्तर द्यायची. ती म्हणाली, ते मला नाही सांगता येणार. तिने याआधी खिळीचं नाव टाकून शोधून पाहिलंच होतं. त्या नावाच्या पन्नास बायका निघाल्या होत्या, त्यांत ही नव्हती. लग्नानंतर काय नाव लावते तेही यांना ठाऊक नव्हतं.

पान तयार झालं. वर वहीतला तो जांभळा छाप, जसाच्या तसा. त्याच्याखाली तोच पत्ता साध्या अक्षरांत. आणि खाली मामांनी सांगितलेला मजकूर. 'हा पत्ता चुकीचा आहे. शेवटचा आकडा सहा हवा होता. माझ्या हातून नऊ राहिला. पत्ता मी कधीच बंद केला नव्हता. नवा खाली दिला आहे. बाबा.'

टांगण्याआधी मामांनी ते कागदावर छापून घेतलं आणि घरी आणून मामीपुढे ठेवलं. मामीने एकेक अक्षर सुटं करून वाचलं. आकडे दोनदा वाचले. मग पेन्सिल मागितली आणि बाबाच्या खाली आपल्या टोकदार अक्षरात लिहिलं, 'फोनवर मी हो म्हटलं ते खरं नव्हतं. आई.' पुन्हा वरपासून वाचलं. आणि कोपऱ्यात, अकरा वर्षांनी, बरोबरची बारीक खूण केली.

झेरॉक्सवालीने विचारलं, मामीची ओळ टाइप करू का, आणि कोपऱ्यातली ही रेघ पुसून घेऊ का. मामा म्हणाले, काही पुसू नकोस, तो कागद आहे तसाच टांग. खूण असल्याशिवाय खिळी तो आमचा मानणार नाही. तिने कागद तसाच टांगला आणि शोधात सापडावा म्हणून पत्ता तेवढा खाली टाइप केला.

ठरल्या तारखेला जुनी पेटी बंद झाली. तिच्याबरोबर कर्जवाले गेले, केसवाले गेले, राजपुत्रही गेले. नव्या पेटीला कुलूप पक्कं, तिच्यात परकं कुणी शिरत नाही. पहिल्या दिवशी कंपनीचं स्वागताचं एक पत्र आलं होतं, तेवढंच. मामा म्हणतात, जागा चांगली आहे, शांत आहे.

गुरुवारी आता दोघंही जातात. झेरॉक्सवाली दुसरी खुर्ची पुढे सरकवते, मोबाइलवरचा कोड घालते आणि बाजूला होते. मामा पडद्याकडे बघत नाहीत. मशिनमधून निघणाऱ्या दुसऱ्यांच्या कागदांकडे बघत बसतात. आपलं आपण वाचायचं नाही. मामी चष्मा लावते, पडद्यावर बोट ठेवते आणि वरून खालपर्यंत नेते, तिथे ओळ एकच असली तरी.

"काही नाही," ती म्हणते.

"नीट बघितलंस?"

"बघितलं."